मॅटॅडोर, सतरंजी आणि एकच पंगत

हल्ली पर्यटनाच्या जाहिरातींत ‘कॅराव्हॅन’ हा शब्द वरचेवर दिसतो. महाराष्ट्र आणि केरळ या दोन्ही राज्यांनी २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाची धोरणं जाहीर केली. आत झोपायला बिछाने, छोटी शेगडी, फ्रिज, न्हाणीघर. म्हणजे गाडी हीच मुक्कामाची खोली. अशाच एका गाडीचा व्हिडिओ मी बाबांना दाखवला, तेव्हा ते चष्मा कपाळावर चढवून म्हणाले, “यात नवीन काय? हे आम्ही १९९४ सालीच केलंय. एक न्हाणीघर सोडलं तर सगळं होतं.”

बाबा थट्टेनं बोलले, पण त्यांचं अगदीच चूक नव्हतं. बडोद्यातल्या मराठी घरांत ज्यांचं बालपण ऐंशी-नव्वदच्या दशकांत गेलं, त्यांच्यापैकी अनेकांनी घर चाकांवर निघालेलं पाहिलं आहे. त्या घराचं नाव होतं मॅटॅडोर.

साहेबाची कॅराव्हॅन

मूळ कॅराव्हॅनची गोष्ट इंग्लंडमधली. गॉर्डन स्टेबल्स नावाचे एक निवृत्त नौदल डॉक्टर मुलांसाठी साहसकथा लिहीत. त्यांनी १८८५ मध्ये केवळ हौसेनं भटकण्यासाठी ब्रिस्टलमधल्या एका कारखान्याकडून घोड्यांनी ओढायची घरगाडी बांधून घेतली आणि तिचं नाव ठेवलं ‘वाँडरर’. सोबत गाडीवान आणि नोकर होते. म्हणजे सुरुवातीला हा खेळ ऐपतदारांचाच होता. १९०७ मध्ये तिथं कॅराव्हॅन क्लब निघाला. पुढे १९३८ मध्ये पगारी सुट्टीचा कायदा आला आणि युद्धानंतर मध्यमवर्गाकडे मोटारी आल्या. मग मोटारीच्या मागे छोटं घर जोडून समुद्रकिनारी जाणं ही साध्या कुटुंबांची वार्षिक सुट्टी झाली. साठ-सत्तरचं दशक हा तिचा बहराचा काळ. नंतर स्पेनला जाणारी स्वस्त विमानं आली आणि पुष्कळ कुटुंबं उन्हाकडे वळली.

आमच्या कंपनीचं ज्या इंग्रज ग्राहकाकडे काम चालतं, तिथले एक ज्येष्ठ सहकारी मीटिंग सुरू व्हायच्या आधी कधीकधी गप्पा मारतात. लहानपणच्या सुट्टीबद्दल ते म्हणाले होते, “आम्ही सहा जण, बाहेर पाऊस, आणि आत चहाचं एकच भांडं.” मला हसू आलं. आकडे बदलले की हे वर्णन थेट आमचं होतं. आम्ही सतरा जण, बाहेर मे महिन्याचं ऊन आणि आत पाण्याचा एकच जग.

टेम्पो आला कुठून?

आपण मालवाहू गाडीला सरसकट ‘टेम्पो’ म्हणतो. हे मुळात एका जर्मन कंपनीच्या गाड्यांचं नाव. स्वातंत्र्यसैनिक आणि उद्योजक नवलमल फिरोदिया यांच्या पुढाकारानं १९५८ मध्ये बजाज टेम्पो ही कंपनी सुरू झाली. हॅम्बुर्गच्या टेम्पो कंपनीच्या परवान्यानं आधी ‘हॅन्सीट’ ही तीनचाकी बनू लागली आणि १९६९ च्या सुमारास चारचाकी मॅटॅडोर आली. पुढे १९८७ मध्ये ट्रॅव्हलर आली. २००५ मध्ये कंपनीचं नाव फोर्स मोटर्स झालं. तरी आजही लग्नाच्या वऱ्हाडासाठी गाडी ठरवताना आपण ‘टेम्पो ट्रॅव्हलर’च म्हणतो.

मॅटॅडोर दिसायला म्हणजे पुढून चपटा डबा. सकाळी भाजी, दुपारी शाळेची मुलं आणि संध्याकाळी मांडवाचं सामान अशी कुठलीही कामं तिला चालत. सुट्टीत तीच गाडी धुऊनपुसून, आत बाकडी लावून सहलीला भाड्यानं मिळे. अँबॅसिडर किंवा फियाटमध्ये एक कुटुंब मावायचं. मॅटॅडोरमध्ये आजी, तिचे तिन्ही मुलगे, सुना, नातवंडं आणि माहेरपणाला आलेली आत्या असं अख्खं बिऱ्हाड मावायचं. पासिंगच्या कागदावर लिहिलेल्या संख्येपेक्षा आम्ही नेहमीच थोडे जास्त असायचो. आजच्या सुरक्षेच्या नजरेनं पाहिलं तर ते काही बरोबर नव्हतं.

निमित्त कुलदैवताचं

आपली बहुतेक घराणी गायकवाडांच्या मागोमाग, अठराव्या-एकोणिसाव्या शतकात बडोद्याला आली. शेतीवाडी सुटली, गावचं घर पडलं, भाषेत गुजराती मिसळली. पण कुलदैवत तिथंच राहिलं. कोणाचं जेजुरीला, कोणाचं तुळजापूरला, कोणाचं कोल्हापूरला. त्यामुळे आपल्या सहलीला ‘फिरायला जाणं’ असं कोणी म्हणत नसे. ‘देवाला जाणं’ म्हटलं की खर्चाला घरात मंजुरी मिळे आणि देवाच्या वाटेवर सापुतारा लागला, तर तो काही आपला दोष नव्हे!

आमची देवी वणीची सप्तशृंगी आणि देव जेजुरीचा खंडोबा. मार्ग ठरलेला. पहाटे चारला दांडिया बाजारातून निघायचं. भरूचला नर्मदेच्या पुलावर आजी हात जोडायची, आम्ही खिडकीतून नाणी टाकायचो आणि पुलाच्या अलीकडे किंवा पलीकडे खारी सिंग घ्यायची. सुरत मागे पडली की डांगचं सागाचं जंगल सुरू व्हायचं. मग सापुताऱ्याचा घाट. तिथं इंजिन तापायचं. ते ड्रायव्हरच्या शेजारीच झाकणाखाली असल्यामुळे पुढं बसलेल्यांचे पायही तापायचे. गाडी थांबली की चाकाखाली दगड लावायचा मान आम्हा मुलांचा. इंजिन निवेपर्यंत मोठी माणसं खाली उतरून पाय मोकळे करायची. सीमेवरच्या नाक्यावर ड्रायव्हरभाई कागद घेऊन उतरायचे आणि ते परत येईपर्यंत अंताक्षरी ‘ण’वर अडून बसायची.

वणी, नाशिक, त्र्यंबक, पुण्यात एका नातेवाइकांकडे धाड आणि शेवटी जेजुरी. आठ दिवस. जेजुरीच्या भंडाऱ्यानं बाकडी इतकी पिवळी व्हायची की पुढं कित्येक दिवस त्या गाडीतल्या भाजीलाही खंडोबाचा प्रसाद मिळत असणार.

टपावरचं बिऱ्हाड

गाडीच्या टपावर, ताडपत्रीखाली काय काय असे, याची यादी थोरल्या काकांच्या वहीत आजही आहे. पंपाचे स्टोव्ह दोन, पिना, रॉकेलचा डबा, मोठी पातेली तीन, परात, पोळपाट-लाटणं, विळी, ताटं-वाट्या वीस, बादल्या दोन, सतरंज्या चार, होल्डॉल पाच, बॅटरी, दोरी. खाण्याच्या पानावर आपल्या दुहेरी नागरिकत्वाचा पुरावाच आहे. दशम्या आणि थेपले, मेतकूट आणि छुंदा, कडबोळी आणि खाखरे. त्याखाली लाल शाईनं ‘आवळासुपारी, लिंबं, अ‍ॅव्होमिन’ आणि कंसात माझ्या धाकट्या चुलतभावाचं नाव. ते इथं छापत नाही. तो आता एका बँकेत मोठा साहेब आहे.

वर्गणी माणशी साडेआठशे आणि बारा वर्षांखालच्यांची निम्मी. रोजचा हिशेब रात्री सर्वांसमोर वाचायचा. मी व्यवसायानं सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. प्रकल्पाचं नियोजन, जबाबदाऱ्या, दिवसअखेरचा आढावा यांसाठी आम्ही महागडी साधनं वापरतो. काकांनी ते सगळं शंभर पानी वहीत आणि एका बॉलपेनात बसवलं होतं.

रात्री मुक्काम धर्मशाळेत किंवा ओळखीच्यांच्या ओट्यावर. एका खोलीत बायका-मुलं, बाहेर पडवीत पुरुष, आणि गाडीत सामान सांभाळायला दोन काका. झोप कोणाचीच धड होत नसे, पण त्याची तक्रारही आठवत नाही.

आईचं म्हणणं

इथवर सांगितलेल्या आठवणी मुलांच्या आणि पुरुषांच्या आहेत. दिवाळीत आम्ही सगळी चुलतभावंडं जमलो तेव्हा याच गोष्टी रंगवून सांगत होतो. आई भाजी निवडत ऐकत होती. ती शांतपणे म्हणाली, “तुमची सहल होती रे. आमचं स्वयंपाकघर फिरायला निघालं होतं.”

मग काकूंनीही तोंड उघडलं. पहाटे चारला निघायचं म्हणजे बायकांनी दोनला उठायचं. निघायच्या आदल्या आठवड्यात भाजणी, चकल्या, लाडू. गडावरून दर्शन घेऊन उतरलं की पुरुष पारावर बसणार आणि या स्टोव्हला पंप मारणार. धर्मशाळेत पाणी कुठं, आडोसा कुठं, हे त्यांनाच बघायचं. त्र्यंबकचं तळं पाहिलं का, असं मी विचारलं तर धाकटी काकू म्हणाली, “मला त्र्यंबकचा नळ आठवतो.”

मला माहीत नसलेली खरी गोष्ट त्या दिवशी कळली. १९९४ च्या पहिल्या सहलीत, दुसऱ्या रात्री नाशिकच्या धर्मशाळेत थोरली काकू न पेटवलेल्या स्टोव्हसमोर बसून राहिली. स्वयंपाकाला उशीर होतोय, असं कोणीतरी म्हणालं. ती म्हणाली, “आज माझीपण सहल आहे.” आवाज चढवला नाही, रडली नाही, उठलीही नाही. थोडा वेळ कोणीच काही बोललं नाही. मग आजीच म्हणाली, “तिचं बरोबर आहे.” त्या रात्री सगळ्यांनी केळी आणि दशम्या खाल्ल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांच्या वहीत एक नवं पान आलं. ते पान मी आता नीट पाहिलं. वर मथळा ‘कामे’. खाली पाणी, स्टोव्ह, भाजी चिरणे, पोळ्या, वाढणे, भांडी, सतरंजी झाडणे. प्रत्येकापुढे नावं, आणि त्यात तिन्ही भावांची नावं आहेत. ‘भांडी’पुढे माझ्या बाबांचं नाव आहे. घरी कधी स्वतःचा पेला उचलून न ठेवलेले माझे बाबा!

दुसरी गोष्ट पंगतीची. आमच्या घरी तेव्हा आधी पुरुष, मग मुलं आणि शेवटी बायका जेवत. तोवर पोळ्या गार आणि आमटी तळाला गेलेली. सहलीत हे जमेना. अंधाराच्या आत घाट उतरायचा असे, ड्रायव्हरभाई घड्याळ दाखवत, आणि चार सतरंज्या एकाच झाडाच्या सावलीत मावत. त्यामुळे पंगत एकच. आजीपासून ड्रायव्हरभाईंपर्यंत सगळे एका वेळी बसायचे. घरी सोवळं कडक पाळणारी आजी स्वतः त्यांच्या ताटात भात वाढायची. आई म्हणाली, “लग्नाला नऊ वर्षं झाली होती. ह्यांच्या शेजारी बसून गरम पोळी मी पहिल्यांदा त्या घाटाखाली खाल्ली.”

सहलीहून परतल्यावर घरातला क्रम काही लगेच बदलला नाही. भांडीही पुन्हा बायकांकडे गेली. पण रात्रीचं जेवण मात्र हळूहळू एकत्र होऊ लागलं. एकदा दिसलेली गोष्ट न दिसल्यासारखी करणं पुरुषांनाही अवघड गेलं असावं.

१९९९ ची सहल

सगळ्याच सहली आनंदाच्या नव्हत्या. १९९९ मध्ये दांडिया बाजारातल्या घराच्या वाटणीवरून तिघा भावांत बिनसलं होतं. दिवाळीपासून थोरले काका आणि बाबा एकमेकांशी बोलत नव्हते. मी तेव्हा अकरा वर्षांचा. निरोप पोचवायचं काम माझ्याकडे असल्यामुळे मला ते पक्कं ठाऊक होतं. मे महिन्यात देवाला जायचं की नाही, असा प्रश्न निघाला. दोन वेगळ्या गाड्या कराव्यात, असंही कोणी सुचवलं. आजीनं सांगितलं, “देव एक आहे, गाडीपण एकच निघेल. ज्याला यायचं त्यानं यावं.”

सगळे आले. पहिले दोन दिवस गाडीत अंताक्षरी झाली नाही. पण मॅटॅडोरमध्ये अबोला धरणं फार अवघड काम आहे. समोरासमोर बाकडी, गुडघ्याला गुडघा लागलेला. पाण्याचा जग एकाच्या पायाशी, पेला दुसऱ्याच्या हातात. सापुताऱ्याच्या घाटात चाक पंक्चर झालं. जॅक लावायला एक, नट सैल करायला एक आणि चाक धरायला एक असे तिघं लागतातच. “इकडं धर”, “दाब”, “सोड आता” हे बाबांचे थोरल्या भावाशी सहा महिन्यांनंतरचे पहिले शब्द.

याचा शेवट सिनेमासारखा झाला नाही. वाटणी झाली, पुढं ते घर विकलंही गेलं आणि तिघं तीन फ्लॅटमध्ये राहायला गेले. त्या चौकातलं पारिजातक आता नाही. मात्र कोणी कोर्टाची पायरी चढलं नाही, आणि वाटणीचा कागद तिघांनी एकाच टेबलाशी बसून केला. याचं सगळं श्रेय आठ दिवसांच्या सहलीला देणं भाबडेपणाचं होईल. पण बाबा एवढं नक्की सांगतात, की त्या मे महिन्यात गाडी निघाली नसती तर पुढचं बोलणं वकिलांमार्फतच झालं असतं.

मग थांबलं कसं?

आमची शेवटची एकत्र सहल २००३ ची. त्यानंतर आजी गेली. पण तेवढंच कारण नव्हतं. १९९८ मध्ये टाटांची इंडिका आली, मोटारीसाठी कर्ज सोपं झालं आणि प्रत्येक कुटुंबाकडे आपापली गाडी आली. महामार्ग चौपदरी, सहापदरी झाले आणि पूर्वी दोन मुक्कामांत व्हायचं ते अंतर एका दिवसात होऊ लागलं. हॉटेलं परवडू लागली. बायकाही नोकऱ्या करू लागल्या आणि सुट्टीत रांधायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. ते योग्यच होतं. आमची पिढी पुणे, बंगळूर, टोरांटोला पांगली आणि सतरा जणांच्या रजा एका आठवड्यात बसवणं हे कुठल्याही सॉफ्टवेअरला न सुटणारं कोडं झालं.

यातली एकही गोष्ट वाईट नाही. मला स्वतःला रॉकेलच्या वासात, सतरा जणांत एका न्हाणीघरासाठी रांग लावून सुट्टी घालवायची इच्छा नाही. म्हणून जुनं ते सगळं सोनं असं मी म्हणणार नाही. पण आता आपण सहलीला जातो तेव्हा प्रत्येक कुटुंब आपल्या खोलीत, आपल्या वेळी, आपल्या फोनसह असतं. कोण दमलंय हे दुसऱ्याला दिसत नाही. कोण कोणावर रागावलंय हेही दिसत नाही. मॅटॅडोरमध्ये कोणालाच काही लपवायला जागा नव्हती. घरात भिंतीआड चालणारे कष्ट आणि भिंतीआड चालणारे रुसवे आठ दिवस सगळ्यांसमोर उघड्यावर येत, आणि समोर आलं की त्यावर काहीतरी करणं भाग पडे. मला हुरहूर वाटते ती त्याची. नवी कॅराव्हॅन कितीही सजवली तरी ही सोय तिच्यासोबत भाड्यानं मिळत नाही.

या हिवाळ्यात

थोरले काका आता ऐंशीच्या पुढे आहेत. “एकदा देवाला जाऊन येऊ,” असं ते दोन वर्षं म्हणताहेत. सप्तशृंगी गडावर आता रुळांवरून चढणारी ट्रॉली आहे, त्यामुळे देवीचं दर्शन त्यांना जमेल. जेजुरीच्या पायऱ्यांचं काय करायचं, ते तिथं गेल्यावर बघू. जानेवारीसाठी ट्रॅव्हलर ठरवली आहे. आम्ही चौदा जण, आणि या वेळी जागाही प्रत्येकाला पट्ट्यासकट. मुक्काम हॉटेलात. मात्र दिवसातलं एक जेवण झाडाखाली, सतरंजीवर, आपण रांधलेलं असेल, असं ठरलं आहे.

तुमच्याही घरात अशी एखादी हिशेबाची वही असेल तर ती रद्दीत देण्याआधी एकदा चाळा. आणि ज्यांच्या हातचं त्या सहलीत खाल्लंत, त्यांना त्यांच्या आठवणी वेगळ्या विचारा. त्या तुमच्यापेक्षा निराळ्या निघतील.

कामांचं पान या वेळी मी संगणकावर केलं आहे. ‘पाणी’, ‘भाजी चिरणे’, ‘पोळ्या’ यांच्यापुढे आम्हा भावंडांची नावं. ‘भांडी’पुढे बाबांनी आग्रहानं स्वतःचंच नाव घालायला लावलं. थोरल्या काकूनं आणि आईनं मात्र येण्याची एक अट घातली, की आमची नावं कुठल्याही कामापुढे नकोत. ती मान्य करून मी त्या दोघींसाठी तळाला एक वेगळी ओळ वाढवली आहे. तिथं लिहिलं आहे: ‘खिडकीच्या जागा’.